मदत हवी आहे: वाचन चाचणीतील उताऱ्याची भाषा सोपी करता येईल का?

मेळघाट_शिक्षिका: पुढील आठवड्यात चाचणी असल्याने लवकर उत्तर हवे आहे. माझ्या वर्गातील मुले उतारा न अडखळता वाचतात, परंतु ‘पावसाअभावी पिके करपल्याने ग्रामस्थांकडून स्थलांतराचा निर्णय घेण्यात आला’ असे वाक्य आले की त्यावरील प्रश्नाला गप्प बसतात. तेच मी ‘पाऊस पडला नाही, पिके करपली, म्हणून लोकांनी गाव सोडायचे ठरवले’ असे लिहून दिले, तर गाव का सोडले हे लगेच सांगतात. असा बदल चालेल का?

पाटी_पेन्सिल: इयत्ता, घरची भाषा आणि चाचणी कोणाची, हे कृपया सांगावे.

निवृत्त_गुरुजी: वेग वाढवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणित अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्दांचे लक्ष्य आहे.

पाटी_पेन्सिल: गुरुजी, ते लक्ष्य अर्थ समजून वाचण्याचे आहे, आणि ही मुले अडखळत नाहीत असे बाईंनी पहिल्याच ओळींत लिहिले आहे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात तर पाचवीच्या मुलालाही दुसरीच्या पातळीची गोष्टच वाचायला देतात.

पालक_अमरावती: माझ्या मुलीला रोज अग्रलेख वाचायला लावल्याने पुष्कळ फायदा झाला.

मेळघाट_शिक्षिका: इयत्ता चौथी आहे, घरी कोरकू बोलतात आणि चाचणी छापून येते. अग्रलेखांचा येथे उपयोग नाही.

निवृत्त_गुरुजी: ‘म्हणून’ घालून आपण उत्तरच हातात दिले, मग आकलन कसले तपासले?

भाषा_अभ्यासक: गुरुजींचा आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, मराठीची बोली नव्हे. त्यामुळे शाळेत मराठी शिकत असलेल्या या मुलांना, ‘पावसाअभावी’सारख्या एका शब्दात कारण कोंबलेले आणि कर्ता ‘कडून’मागे लपवलेला असे कार्यालयीन वाक्य उलगडण्यातच सगळी शक्ती खर्चावी लागते. छापील चाचणी मात्र बदलू नये, कारण मग इतर शाळांशी तुलना उरत नाही. ती आहे तशी घ्या, गुण नोंदवा, नंतर त्याच आशयाचा साध्या वाक्यांतला उतारा द्या आणि ज्याचे उत्तर त्यात थेट लिहिलेले नाही असा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला तर हे लोक काय करतील? तेथे उत्तर आले, तर अडचण भाषाशैलीची आहे, असे केंद्रप्रमुखांना दोन्ही नोंदी दाखवून सांगता येईल.

मेळघाट_शिक्षिका: हा प्रश्न कोरकूत विचारला आणि उत्तरही कोरकूत घेतले, तर चालेल ना?

भाषा_अभ्यासक: अवश्य. फक्त तशी नोंद करा.