परिसर सुरक्षा समितीसमोर नेमके काय मांडावे?

पायवाट (प्रश्न)

मी विद्यापीठात संशोधन करणारी विद्यार्थिनी असून परिसर सुरक्षा समितीवर विद्यार्थ्यांच्या वतीने माझी निवड झाली आहे. गेल्या सत्रात ग्रंथालयाकडून वसतिगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका विद्यार्थिनीचा पाठलाग झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मुख्य फाटकाबाहेर दोघांचे मोबाइल हिसकावले गेले. या घटनांनंतर प्रशासनाने तीन उपाय सुचवले आहेत: परिसरभर सीसीटीव्ही कॅमेरे, मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री लवकर बंद करणे आणि संकटात दाबायचे बटण असलेले मोबाइल ॲप.

तिन्ही उपाय ऐकायला योग्य वाटतात, तरीही माझे समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे बैठकीत नीट मांडता येईल इतकी माझी तयारी नाही. शिवाय आमचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी फाटकाबाहेर भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्याबाबत विद्यापीठाची जबाबदारी कुठे संपते हे कोणीच स्पष्टपणे सांगत नाही. ज्यांनी अशा समित्यांवर काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशाकार

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे उत्तरही जागेच्या अंगानेच देतो.

आधी कॅमेऱ्यांविषयी. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी सीसीटीव्हीवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आहे. त्यांच्या निष्कर्षानुसार कॅमेऱ्यांचा सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर, म्हणजे वाहनचोरी आणि वाहनांतील चोऱ्यांवर दिसतो. हिंसक गुन्ह्यांवर तसा ठोस परिणाम आढळत नाही. याचा अर्थ कॅमेरे निरुपयोगी आहेत असा नव्हे. घटनेनंतर तपासाला ते उपयोगी पडतात, आणि पडद्यासमोर माणूस बसलेला असून तो लगेच कोणाला तरी पाठवू शकत असेल, तर त्यांचा उपयोग वाढतो. म्हणून समितीत किती कॅमेरे बसणार एवढ्यावरच न थांबता रात्री अकरा वाजता पडद्यासमोर कोण असेल आणि त्याने हाक दिली तर किती मिनिटांत कोण पोहोचेल, हेही विचारावे. ॲपच्या बटणालाही हाच प्रश्न लागू आहे. इमारतीच्या आत जीपीएस पुष्कळदा अचूक जागा दाखवत नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आता ज्या रस्त्यावर पाठलाग झाला त्याकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. बहुतेक ठिकाणी ‘दिवे वाढवा’ असा ठराव होतो आणि प्रत्येक खांबावर अधिक प्रखर दिवा बसतो. परंतु डोळे दिपवणारा एक दिवा आणि पुढच्या खांबापर्यंत दाट काळोख ही रचना एकसारख्या मंद उजेडाहून वाईट असते, कारण प्रखर प्रकाशातून अंधारात गेलेल्या डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटेही लागू शकतात आणि तेवढ्या वेळात चालणारा माणूस त्या पट्ट्यातून कधीच पुढे गेलेला असतो. उजेड सारखा पसरलेला असावा, तो केवळ जमिनीवर न पडता समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावरही पडावा, आणि चेहरा इतक्या अंतरावरून ओळखता यावा की वाट बदलायला सवड मिळेल. वाढलेल्या फांद्यांनी झाकलेला दिवा कागदोपत्री चालूच असतो, म्हणून विद्युत विभागाच्या यादीवर विसंबून राहू नये.

याला एक उलटी बाजूही आहे. ज्या वाटेच्या शेवटी सर्व काही बंद आणि निर्मनुष्य आहे, तिथे लखलखीत दिवे लावणे म्हणजे माणसाला एकाकी जागेचे आमंत्रण देणे होय. रस्त्याकडे लक्ष ठेवणारे डोळे तिथे वावरणाऱ्यांचे आणि भोवतालच्या खिडक्यांतून पाहणाऱ्यांचे असतात, हा विचार जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडला आणि तो आजही नगररचनेचा पाया मानला जातो. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका, प्रयोगशाळा आणि बसथांबा हे शक्यतो एकाच वाटेवर यावेत आणि उरलेल्या वाटा रात्रीपुरत्या बंद ठेवाव्यात, हे दहा नव्या खांबांपेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते.

प्रत्यक्षात काय करावे? टोरांटो येथील मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये महिलांच्या सुरक्षा पाहणीची एक पद्धत विकसित केली, जी पुढे अनेक देशांत वापरली गेली. ज्यांना त्या जागेची भीती वाटते त्यांनीच गटाने, अंधार पडल्यावर, ती वाट चालायची आणि कुठे दिसत नाही, कुठे ऐकू जाणार नाही, कुठून पळता येणार नाही याची नोंद करायची, असे तिचे स्वरूप आहे. सोबत कुलसचिवांना आणि विद्युत विभागाच्या अभियंत्यांना घेऊन जावे. एक सूचना आवर्जून करतो: पाहणी नकाशावरच्या रस्त्याने करू नका. विद्यार्थी ज्या वाटेने खरोखर जातात, ती बहुधा गवतातून पडलेली असते आणि तिच्यावर एकही दिवा नसतो.

निवृत्त रेक्टर

वरील उत्तर उत्तम आहे. तरीही दार बंद करण्याच्या सूचनेकडे केवळ संशयाने पाहू नये, असे मला वाटते. मी बरीच वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो. रात्री दोन वाजता पालकांचा दूरध्वनी येतो तेव्हा उत्तर द्यायला समिती नसते, रेक्टर असतो. मुलगी कुठे आहे हे ठाऊक असणे आणि तिला कोंडून ठेवणे यांत फरक आहे, आणि पहिली गोष्ट मी कधीही सोडली नसती.

मात्र अनुभवातून एक कबुली द्यायला हवी. दार लवकर बंद केले की उशीर झालेली मुलगी दार वाजवण्याऐवजी बाहेरच कुठे तरी रात्र काढते, कारण तिला रस्त्यापेक्षा नोंदवहीतील शेऱ्याची भीती अधिक वाटते. मी रुजू झालो तेव्हा नियम असाच होता. पुढे आम्ही उशिरा येणाऱ्यांसाठी केवळ नोंद ठेवली आणि स्पष्टीकरण मागणे बंद केले; त्यानंतर मुली स्वतःहून कळवू लागल्या. दुसरे असे की कुलूप बाहेरून येणाऱ्यासाठी असते. आतून किल्लीवाचून न उघडणारे दार आग लागल्यावर सापळा ठरते, हे समितीत कोणी बोलले नाही तर आपण अवश्य बोलावे.

आणि स्वयंचलित कुलपांवर फार विश्वास ठेवू नये. मित्राला आत घ्यायचे म्हणून त्या दारात वीट लावून ठेवणारी मुलेच असतात!

तक्रार समितीवरील माजी सदस्य

रेक्टरसाहेबांनी विटेचा उल्लेख केला म्हणून एका घटनेची आठवण करून देते. एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहातील खोलीत खून झाला. खुनी आत शिरला तो आपोआप बंद होणाऱ्या, पण अडसर लावून उघड्या ठेवलेल्या दारांतून. आणि तो बाहेरचा कोणी नव्हता, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये तिथे कायदा झाला, जो आज क्लेरी कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्याचा भर कुलपांवर नसून माहितीवर आहे: विद्यापीठाने मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करायची, दैनंदिन गुन्हे नोंदवही लोकांसाठी खुली ठेवायची आणि धोका कायम असेल तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करायचे.

शेवटच्या कलमाचे महत्त्व १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक येथे कळून आले. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात झाला, विद्यापीठाचा पहिला ई-मेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी ३२ जणांचा बळी गेला. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तातडीच्या धोक्याची सूचना विनाविलंब देणे बंधनकारक झाले. आपल्या समितीने निदान एवढे तरी लिहून घ्यावे की संदेश पाठवण्याचा अधिकार कोणाचा आहे, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा तो कोणाकडे जातो. माझ्या काळात एका संदेशावर तीन स्वाक्षऱ्या लागत आणि तिसरी मिळेपर्यंत सकाळ होत असे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नालाही या कायद्यात अर्धे उत्तर सापडते. त्यात परिसराला लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यांवरील आणि पदपथांवरील घटनांची मोजणी करावी लागते, परंतु दूरच्या खासगी घरांतील घटना सर्वसाधारणपणे त्या आकडेवारीत येत नाहीत. म्हणजे आपल्या फाटकाबाहेरचा रस्ता अशा हिशेबात बसतो, दूरची भाड्याची खोली मात्र नाही. पण मोजणीची हद्द आणि मदतीची हद्द एकच असली पाहिजे असे नाही. खोलीत राहणारी मुलगी तक्रार घेऊन आली तर ती आपली विद्यार्थिनी आहे, आणि समुपदेशन, वर्ग बदलून देणे किंवा पोलिसांकडे जाताना सोबत करणे यासाठी घटनास्थळाचा पत्ता आड येऊ नये.

भारतातील तरतुदींविषयीही सांगते, कारण दार बंद करण्याच्या प्रस्तावाशी त्यांचा थेट संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी विनियमांत असे म्हटले आहे की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचे कारण देऊन वसतिगृहांत मुलांच्या तुलनेत त्यांच्यावर भेदभावाचे नियम लादू नयेत. त्याच विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. रेक्टरसाहेबांची काळजी मला समजते, परंतु एकाच रस्त्यावरून येणाऱ्या मुलासाठी एक वेळ आणि मुलीसाठी दुसरी, हे आता केवळ मताचे प्रकरण राहिलेले नाही.

लैंगिक हिंसेच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, ही गोष्ट सुरक्षा समित्यांना सर्वांत अवघड जाते. फाटक, कॅमेरा आणि ओळखपत्र या तिन्हींचा रोख अनोळखी माणसावर असतो. सहाध्यायी, मार्गदर्शक किंवा मित्र यांच्याकडे ओळखपत्र असतेच. अशा वेळी सुरक्षितता ठरते ती तक्रार करणाऱ्या व्यक्तीला पहिल्या भेटीत काय विचारले जाते यावरून. त्यामुळे तक्रारींचा आकडा वाढला की प्रशासन घाबरते, तेव्हा त्यांना शांतपणे सांगावे की ज्या विद्यापीठात वर्षभरात एकही तक्रार नाही तिथे काही घडत नसेलच असे नाही, कदाचित तिथे कोणी बोलत नसेल.

सायकलस्वार

या चर्चेत एक धोका निसटला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे प्रमुख कारण रस्ते अपघात हे आहे. वर्ग सुटल्यावर फाटकासमोरचा रस्ता शेकडो विद्यार्थी एकाच वेळी ओलांडतात आणि बसथांबा बहुधा पलीकडच्या बाजूला असतो. वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणणारा उंच पादचारी पट्टा मागा. तो विद्यापीठाच्या हद्दीबाहेर पडतो म्हणून समिती हात झटकेल. पण पालिकेला पत्र लिहायला हद्द लागत नाही.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही अकराजणी ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत चालत गेलो. रस्त्याचे सर्व दिवे चालू होते, परंतु आम्ही रोज जातो ती वाट रस्त्याची नाहीच; ती जुन्या प्रयोगशाळेच्या मागून जाते आणि तिथे आम्हाला एकमेकींचे चेहरे ओळखता आले नाहीत. पाठलाग तिथेच झाला होता. पाच वर्षे त्या वाटेने चालूनही हे मी कोणाला कधी सांगितले नव्हते, याचे मलाच आश्चर्य वाटले.

दाराच्या वेळेबाबत मी असा प्रस्ताव लिहिला आहे की वेळ मुलामुलींसाठी एकच असावी, उशिराची केवळ नोंद व्हावी आणि आतून दार किल्लीवाचून उघडावे. कॅमेऱ्यांना विरोध न करता पडद्यासमोरच्या माणसाची पाळी आणि पोहोचण्याचा वेळ लेखी मागितला आहे. एक शंका उरते: नकाशाकार, ती मागची वाट दिवे लावून चालू ठेवावी की बंद करावी?

नकाशाकार

प्रयोगशाळेच्या त्या बाजूला संध्याकाळनंतर उजेड असणाऱ्या, उघड्या खिडक्या आहेत का, ते आधी पाहा. असतील तर दिवे लावा आणि झुडपे गुडघ्याच्या उंचीपर्यंत छाटून घ्या. नसतील तर वाट बंद करा; पण बंद करण्याआधी मुख्य रस्त्यावरून तेवढाच जवळचा मार्ग काढून द्या, नाही तर कुंपणाला आठवडाभरात भगदाड पडेल.

निवृत्त रेक्टर

आठवडा कशाला, दोन दिवस पुरतात. प्रस्तावाचा मसुदा पाठवा, उशिराच्या नोंदीचा आमचा जुना नमुना मी शोधून देतो.