मदत हवी आहे : केबल इंटरनेटवर संध्याकाळी वाढणारी लेटन्सी घरातल्या जोडणीमुळे आहे की बाहेरच्या लाइनीमुळे?

नमस्कार.

माझ्या घरी केबल टीव्हीच्या कोॲक्सियल तारेवरून येणारे इंटरनेट आहे. वेगाबद्दल माझी तक्रार नाही; कधीही मोजला तरी डाउनलोड आणि अपलोड योजनेत सांगितल्याइतकेच भरतात. अडचण लेटन्सीची, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेची, आहे. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे वाक्य मध्येच तुटते, दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, आणि दूरच्या सर्व्हरवर काम करताना टाइप केलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटते. कंपनीचा तंत्रज्ञ येतो, वेग मोजतो, सर्व ठीक असल्याचे सांगून तक्रार बंद करतो. त्याने मोजलेला आकडा खरा असतो, परंतु एका सेकंदात किती माहिती आली एवढेच तो सांगतो. माहितीचे एक छोटे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागला, याचा त्यात पत्ताच नसतो.

आतापर्यंत केलेली तपासणी सविस्तर लिहितो, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हा सुचवण्याचे श्रम कोणाला पडणार नाहीत.

वाय-फायचा संशय आधीच दूर केला आहे; खालील सर्व मोजमापे संगणक राउटरला तारेने जोडून घेतलेली आहेत. पिंग (पॅकेट पाठवून ते परत यायला लागणारा वेळ मोजण्याची चाचणी) दूरच्या संकेतस्थळाला न करता, ट्रेसराउटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेत) मोडेमपलीकडे जो पहिला हॉप, म्हणजे वाटेतले पहिले उपकरण, दिसतो त्याला केली. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाण्यायेण्याचा एक मिलिसेकंद द्यावाच लागतो आणि त्यावर कोणाचाच इलाज नाही. मला फक्त घर ते केबलचे मुख्य उपकरण, म्हणजे सीएमटीएस, एवढाच टप्पा तपासायचा होता. पहाटेच्या वेळी तो ९ ते १२ मिलिसेकंद येतो. केबलवर यापेक्षा फार कमीची अपेक्षा मी करत नाही, कारण ही लाइन अनेक घरांची सामाईक असते; मोडेमला आपल्या मनाने काही पाठवता येत नाही, आधी सीएमटीएसकडे वेळ मागावी लागते आणि ती मिळाल्यावरच पॅकेट निघते.

पहिला मोठा दोष अपलोडच्या वेळी सापडला. फोटोंचा बॅकअप सुरू झाला की हीच पिंग ४०० मिलिसेकंदांच्या आसपास जात असे. माझा अपलोड १० मेगाबिट आहे. त्या वेगाने ४०० मिलिसेकंदांत सुमारे ५०० किलोबाइट माहिती जाते, म्हणजे मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) तेवढी रांग साचत होती आणि कॉलचे प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहत होते. या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या केबल जोडणीवर तो तपासला आणि हे नाव रूढ केले. उपाय म्हणून राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घालून त्यातली रांगा आवरणारी एसक्यूएम ही सोय सुरू केली, त्यात केक ही रांग-पद्धत निवडली आणि अपलोडची मर्यादा ९ मेगाबिट ठेवली. आता रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते, आणि राउटर कॉलच्या लहान पॅकेटांना बॅकअपच्या मागे अडकू देत नाही. भर अपलोडमध्येही पिंग २५च्या आत राहते. एक मेगाबिट सोडून हे मिळाले, यात मी पूर्ण समाधानी आहे.

खरा प्रश्न यापुढचा आहे. संध्याकाळी, घरात कोणीही इंटरनेट वापरत नसतानासुद्धा, हीच पिंग ४० ते ६०वर चढते, आणि त्यातच मधूनमधून एकदम ३००च्या वर उसळी मारते. काही पॅकेटे तर परतच येत नाहीत. मोडेमच्या १९२.१६८.१००.१ या पानावर पाहिले असता डाउनस्ट्रीमची (घराकडे येणाऱ्या सिग्नलची) पातळी +३ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचे एकक), एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३८ डेसिबल, आणि अपस्ट्रीमची (घरातून जाणाऱ्या सिग्नलची) पातळी ५१ डीबीएमव्ही दिसते. नोंदवहीत संध्याकाळच्या वेळेसमोर ‘टी३ टाइमआउट’ वारंवार आलेला आहे. मोडेम डॉक्सिस (केबल इंटरनेटचे तांत्रिक मानक) ३.० प्रकारचा असून अपस्ट्रीमच्या चार वाहिन्या वापरतो.

लाइनीवर घरे जास्त झाल्यामुळे गर्दी होते आहे की तारेत बाहेरचा गोंगाट शिरतो आहे, हे घरबसल्या वेगळे कसे करावे? ५१ हा आकडा काळजी करण्यासारखा आहे का? आणि वेग ठीक असताना कंपनीपुढे कोणता पुरावा ठेवला तर ती तक्रार तशीच बंद करणार नाही? घरून काम करणाऱ्याला कॉल तुटणे परवडत नाही, म्हणून अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण दिलेल्या माहितीत मला दोन स्वतंत्र दोष दिसतात. त्यांचा एकत्र विचार केल्यास कंपनी एकाकडे बोट दाखवून दुसरा झाकून टाकेल, म्हणून ते आधी वेगळे करावेत.

५१ काळजी करण्यासारखा आहे. अपस्ट्रीमची पातळी मोडेम स्वतः ठरवत नाही. आपला संदेश ठरावीक ताकदीने पोहोचावा म्हणून सीएमटीएस मोडेमला पातळी वाढवण्यास सांगते. वाटेत घट जास्त असेल तर मोडेमला तितक्या मोठ्याने ओरडावे लागते. डॉक्सिस ३.०मध्ये चार वाहिन्या एकदम वापरताना प्रत्येक वाहिनीची कमाल पातळी ५१च्याच आसपास असते, म्हणजे आपला मोडेम मर्यादेला टेकलेला आहे आणि यापुढे थोडी जरी घट वाढली तरी ती भरून काढायला त्याच्यापाशी काही उरत नाही. टी३ टाइमआउटचा अर्थही इथेच लागतो : मोडेमने सीएमटीएसला पाठवलेल्या समायोजनाच्या संदेशाला वेळेत उत्तर आले नाही. डाउनस्ट्रीमचे आकडे उत्तम असताना टी३ येत असेल, तर संशय परतीच्या वाटेवर घ्यावा.

ती वाट मुळात नाजूक असते. अपस्ट्रीमसाठी अनेक ठिकाणी ५ ते ४२ आणि युरोपीय पद्धतीत ५ ते ६५ मेगाहर्ट्झ हा खालचा पट्टा वापरतात. लघुलहरी रेडिओ, विजेच्या मोटारी, स्वस्त चार्जर यांचा गोंगाट याच पट्ट्यात येतो आणि सैल कनेक्टर किंवा उघडे टोक दिसले की आत शिरतो. त्यातही, एका नोडवरच्या (परिसरातल्या घरांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या उपकरणावरच्या) सर्व घरांचा गोंगाट परतीच्या वाटेवर एकत्र होतो, त्यामुळे दोष शेजारच्या घरात असूनही त्रास आपल्याला होऊ शकतो. फक्त आपल्या घरी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाला तो सापडणार नाही.

गर्दी आणि गोंगाट यांचा आलेख वेगळा दिसतो. दिवसभराची पिंग सलग नोंदवून ठेवावी. गर्दी असेल तर रेषा संध्याकाळी हळूहळू चढते, काही तास वर राहते आणि रात्री उशिरा तशीच उतरते. गोंगाट असेल तर सुईसारख्या उसळ्या दिसतात आणि त्यांच्या वेळा टी३च्या नोंदींशी जुळतात. आपल्या वर्णनात ४० ते ६० ही चढण पहिल्या प्रकारची आणि ३००ची उसळी दुसऱ्या प्रकारची वाटते. मोडेमच्या पानावरील दुरुस्त न झालेल्या कोडवर्डांची (चुका राहिलेल्या माहितीच्या तुकड्यांची) एकूण संख्या निरुपयोगी आहे, कारण ती केव्हापासूनची हे कळत नाही. दोन वेळा पाहून फरक काढावा. मात्र ती संख्या डाउनस्ट्रीमची असते. अपस्ट्रीममधल्या चुका सीएमटीएसवर मोजल्या जातात आणि फक्त कंपनीलाच दिसतात.

आपल्या मोजमापाबद्दल एक सूचना करतो. पहिल्या हॉपवरचे उपकरण पिंगला उत्तर देण्याचे काम दुय्यम मानू शकते, त्यामुळे तिथला वाढलेला आकडा एकट्याने पुरावा ठरत नाही. तीच वाढ दुसऱ्या, तिसऱ्या आणि शेवटच्या हॉपपर्यंत टिकली तरच ती खरी समजावी. मोडेममध्ये इंटेलची प्यूमा ६ ही चिप आहे का, तेही पाहावे. तिच्यातील लेटन्सीच्या उसळ्या २०१६पासून सर्वज्ञात आहेत.

घरापुरते करण्यासारखे काम म्हणजे तार शेवटपर्यंत तपासणे. दोन वाटांचा प्रत्येक स्प्लिटर (एका तारेच्या दोन तारा करणारा जोड) सुमारे ३.५ डेसिबल खातो. बाहेरून येणारी तार काही काळ थेट मोडेमला जोडून आकडे पाहावेत.

धागाकर्त्याचे उत्तर

अत्यंत उपयुक्त प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. चिप प्यूमा ६ नाही. टीव्हीच्या कपाटामागे एकापाठोपाठ एक असे दोन स्प्लिटर निघाले, आणि त्यातल्या एकाचे एक टोक कशालाही न जोडता उघडेच होते. दोन्ही काढून तार थेट मोडेमला जोडल्यावर अपस्ट्रीमची पातळी ५१वरून ४४वर आली, टी३च्या नोंदी थांबल्या आणि ३००च्या उसळ्याही दिसेनाशा झाल्या. संध्याकाळची संथ चढण मात्र कायम आहे, आणि ती शेवटच्या हॉपपर्यंत तशीच टिकते. एसक्यूएमची मर्यादा आणखी खाली आणूनही तिच्यात फरक पडत नाही. आता तक्रार कोणत्या शब्दांत लिहावी?

प्रतिसाद

एसक्यूएमने फरक पडणार नाही, कारण ते फक्त आपल्या घरची रांग आवरते. उरलेला विलंब सामाईक लाइनीवर वेळ मिळण्याची वाट पाहण्यात जातो आहे, आणि त्यावर घरातून करण्यासारखे काही शिल्लक नाही. मोडेम बदलून देण्याचा प्रस्ताव आला तर डॉक्सिस ३.१चा मागावा, त्यात अपस्ट्रीमची रांग लहान ठेवणारी पद्धत अंगभूत असते. तरीही गर्दीवर तो पूर्ण उपाय नव्हे.

तक्रारीत ‘इंटरनेट संथ आहे’ असे लिहू नये. तसे लिहिले की पुन्हा वेगच मोजला जाईल. राउटर काढून, संगणक थेट मोडेमला तारेने जोडून, घरात दुसरा कोणताही वापर नसताना घेतलेला सलग आठवड्याचा पिंगचा आलेख जोडावा. त्याच्या शेजारी पहाटेचे आणि संध्याकाळचे आकडे, आणि मोडेमच्या सिग्नलच्या पातळ्या द्याव्यात, म्हणजे घरातली जोडणी निर्दोष आहे हे आधीच सिद्ध होईल. मग नेमके दोन प्रश्न विचारावेत : त्या वेळेत आमच्या नोडच्या अपस्ट्रीमचा वापर किती टक्के असतो, आणि नोडचे विभाजन करण्याचे किंवा अपस्ट्रीमच्या वाहिन्या वाढवण्याचे काम केव्हा नियोजित आहे? ही माहिती घरी येणाऱ्या तंत्रज्ञाकडे नसते, म्हणून तक्रार नेटवर्क विभागाकडे वर्ग करण्याची लेखी मागणी करावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत ती बंद करण्यास संमती देऊ नये.