क्राफ्ट बिअर म्हणजे शायनिंग? उत्तर देतोय, लांबेल

मुंढवेकर: “ग्लासाला चारशे मोजून केळ्याच्या वासाचं गढूळ पाणी पिणं याला शायनिंग म्हणतात.” काल इथे पडलेली ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, गढूळ असते कारण त्यात गहू असतो आणि ती गाळलेली नसते. केळं कोणी घालत नाही! हेफेवाइझन म्हणजे ही गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर, तिचं यीस्टच तो वास तयार करतं, लवंगेचाही. आंबवताना तापमान जरा वाढलं की केळं वर येतं. बाटलीतली बिअर बहुतेक वेळा गाळून, पाश्चराइज करून येते, म्हणून महिनोन्‌महिने टिकते. क्राफ्ट बिअर छोट्या भट्टीत बनते, ती ताजी प्यायची. आणि 2009 मध्ये क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या डूलालीने सुरुवात पुण्यातून केली, मुंबईत ती मंडळी नंतर गेली. एरवी शनिवारवाड्यापासून बाकरवडीपर्यंत सगळ्याचा अभिमान असतो, मग इथेच काय झालं?

पेठी काका: पोस्ट माझीच. बारावी सायन्स सोडून जमाना झाला, यीस्ट नका शिकवू. प्रश्न पैशांचा आहे. आणि दाण्यांचा! परमिट रूममध्ये बसलं की न मागता वाटीभर खारे दाणे यायचे, वर कांदा, लिंबू. तुमच्याकडे त्याच दाण्यांना इंग्रजी नाव देऊन बिलात लावतात.

खडकीची मी: काका, अगदी!! भावाच्या प्रमोशनची पार्टी होती. मसाला पापड आला तो चार तुकडे करून, काळ्या फरशीच्या तुकड्यावर. टोमॅटोचं पाणी ओघळून भावाच्या नव्या शर्टावर. ताटली परवडत नाही का यांना?

हॉप्सप्रेमी: फुकट दाणे म्हणजे काय धर्मादाय होता? खारट खा, घसा सुकू द्या, दुसरी बाटली मागवा. साधा धंदा. शिवाय त्या वाटीतले निम्मे दाणे आधीच्या टेबलावरचे.

पेठी काका: तोंड सांभाळून. आमचा मालक स्वतः दाणे भाजायचा. मी बघितलंय.

हॉप्सप्रेमी: झालं, पुरावा मिळाला. धागा बंद करा.

कोथरूडचा बंड्या: दाण्यांपेक्षा चणाडाळ केव्हाही भारी. दाणे पोटात फुगतात.

खडकीची मी: चणाडाळ फुगत नाही?! कुठल्या ग्रहावर राहता?

मुंढवेकर: विषय बिअर आहे, लोकहो.

निर्व्यसनी: चालू द्या तुमचं. ही सगळी मंडळी रात्री गाडी कशी घरी नेतात, ते कोणी लिहिणार का?

मुंढवेकर: रिक्षाने. मिळाली तर. मीटरने येणारा अजून भेटलेला नाही, पण तो वेगळा धागा.

हॉप्सप्रेमी: आणि एक. सगळे गव्हाचीच पितात. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल नावाची कडवट बिअर प्या, कडू म्हणजे काय ते कळेल.

पेठी काका: कडू प्यायला चारशे? काढा आमच्या घरी फुकट मिळतो.

मुंढवेकर: काका, केळ्याचं तरी पटलं का?

पेठी काका: पटलं. केळं यीस्टचं, बिल तुमचं. ग्लास पाजणार असाल तर येतो, पण दाणे घरचे आणीन.

मुंढवेकर: बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दारावर पिशवी बघतात.

पेठी काका: मग नाही येत.

कोथरूडचा बंड्या: खिशात चणाडाळ मावते, काका. सुचवतोय फक्त.