प्रतिसाद: जड तारे अवरक्तात मंद असतात?

जड तारा जास्त तापलेला, त्याचा प्रकाश अतिनीलाकडे सरकतो, म्हणून तो अवरक्तात मंद, असं वर म्हटलंय. पहिला भाग बरोबर, निष्कर्ष नाही. सरकतो तो फक्त शिखरबिंदू, म्हणजे सर्वात जास्त प्रकाश ज्या तरंगलांबीवर पडतो ती जागा. तापलेला पृष्ठभाग प्रत्येक तरंगलांबीवर थंड पृष्ठभागापेक्षा जास्तच उत्सर्जन करतो, अवरक्तातसुद्धा. शिवाय भोवती धूळ असेल तर ती अतिनील गिळून अवरक्तात ओकते, ते वेगळंच. आणि काक्षीसारखा (मृगातला तांबडा तारा, बीटलजूस) म्हातारा जड तारा तर फुगून जेमतेम ३,६०० केल्विनवर आलेला असतो.

तारा रेडिओ लहरींत किती तेजस्वी, याचं गणित मात्र वस्तुमानावरून थेट मांडता येत नाही. मृगातल्या तेजोमेघाचा (ताऱ्यांभोवतीच्या चमकत्या वायूच्या ढगाचा) रेडिओ प्रकाश ताऱ्याचा नाहीच मुळी. मधल्या जड ताऱ्याच्या अतिनीलाने आयनीभूत झालेल्या, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतले इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून वळताना तो सोडतात. उलट यूव्ही सेटी बघा. सूर्याच्या साधारण दशांश वस्तुमानाचा लाल बटू, म्हणजे छोटा, थंड तारा, पण रेडिओत शांत सूर्यापेक्षा कितीतरी तेजस्वी! तिथे तापमान गौण. सगळा खेळ चुंबकीय क्षेत्राचा आणि त्यात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा. तेव्हा वस्तुमान आणि रेडिओ तेजाच्या आलेखात तो तेजोमेघ आणि यूव्ही सेटी एकाच रेषेत बसवायचा हट्ट सोडा.