शाळेसमोर झेब्रा नाही, संध्याकाळी बस नाही. सुरुवात कुठून करायची?

आमच्या इथे चौपदरी रस्ता झाला तेव्हापासून पोरांना पलीकडे न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच, त्यात सातनंतर बस नाही म्हणून कामाला जाणाऱ्या मावश्या शेअर रिक्षात कोंबून येतात. अर्ज दिला, पोच मिळाली, बास. सोसायटीतले म्हणतात आपल्याकडे गाड्या आहेत, आपल्याला काय!

चिंचेचं_झाड: मग सोसायटी सोडा, त्या मावश्यांनाच पहिल्या मीटिंगला बोलवा, बस त्यांना लागते. आणि नुसतं 'बस द्या' म्हणू नका. तीन-चार दिवस थांब्यावर वही घेऊन बसा, किती वाजता किती माणसं उभी असतात ते लिहा. आकडे दिसले की साहेब लोक जरा सरळ बसतात.

पेठेतला_पायी: पुण्यात असाल तर वॉर्ड ऑफिसमधून नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा फॉर्म घ्या, २००६ पासून आहे हे, फुटपाथ, थांबा अशी छोटी कामं सुचवता येतात. महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरणही अर्जात लिहा. आणि आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे फुटपाथवर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर पाहिजे, टेप घेऊन जा, फोटो काढा.

मूळ प्रश्नवाली: पुण्यात नाही हो, छोटं शहर आहे. पण टेप आहे घरात 😀 रविवारी मोजतोच. मावश्यांना सुट्टी कधी ते विचारून मीटिंग ठरवते.

चिंचेचं_झाड: चहा ठेवा, माणसं येतात.