गरोदरपणात चहा-कॉफीचं काय केलंत? अनुभव लिहा

वाशीला राहते, चौथा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणाल्या, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन नको. आमच्याकडे सकाळी सहाला सासरे आल्याच्या चहाचं पातेलं चढवतात ते दिवसभर उतरतच नाही, त्यात मिलिग्रॅम कसे मोजायचे? सोडलात की कमी केलात, घरचे काय म्हणाले, सगळं लिहा, गूगलचं कॉपी-पेस्ट नको प्लीज.

---

मी ऐरोलीची, ऑफिस महापेला. कॉफी मशीन डेस्कच्या मागेच, दिवसाला चार व्हायच्याच, वर घरचे दोन चहा. इन्स्टंट कॉफीच्या मगात साधारण १०० आणि चहाच्या मगात ७५ धरतात, म्हणजे माझे पाचशेच्या वर गेले, घामच फुटला. दुसऱ्या दिवसापासून सगळं एकदम बंद केलं. हा मूर्खपणा करू नका. तीन दिवस डोकं असं ठणकत होतं की लोकलमध्ये डोळे उघडवेनात, शेवटी पर्समधली नेहमीची डोकेदुखीची गोळी घेतली आणि रात्री नवऱ्याने सहज पाकिटामागचं वाचलं तर पॅरासिटामॉलसोबत कॅफीन! डॉक्टर चिडल्याच. विचारल्याशिवाय गोळी नाही, आणि कॉफी दोन-तीन दिवसांनी एकेक करत कमी कर म्हणाल्या. तसं केल्यावर काही त्रास नाही झाला, शेवटपर्यंत सकाळी एक कॉफी आणि चारला अर्धा चहा चालू होता.

---

ग्रीन टी हेल्दी म्हणून पिताय त्यांनी पण बघा, त्यातही असतं. कोलाच्या कॅनमध्ये ४० च्या आसपास.

---

नौपाड्यातून. माझी गंमत वेगळीच, चहा दोनच कप, पण हिमोग्लोबिन काही केल्या ९ च्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या तर रोज घेत होते. कशासोबत घेतेस विचारलं तेव्हा उलगडा झाला, सासूबाई चहाच्या बशीतच गोळी काढून ठेवायच्या, मी विसरू नये म्हणून, बिचाऱ्या प्रेमानेच. चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही, ते कॅफीनपेक्षा वेगळं, म्हणजे डिकॅफ चहा घेऊनही सुटका नाही. मग गोळी अकराला लिंबूपाण्यासोबत आणि चहा तासभर आगेमागे नाही. पुढच्या रिपोर्टला १०.४.

---

आठव्या महिन्यात संध्याकाळचा कटिंगसुद्धा मला रात्री दोनपर्यंत जागवायचा, आधी असं कधीच नव्हतं. एरवी अर्धं कॅफीन पाचेक तासांत निघून जातं, शेवटच्या महिन्यांत पंधरा तासही लागू शकतात. आणि ते नाळेतून बाळाकडे जातं, त्याच्या लिव्हरला ते पचवायची सोयच नसते. हे कळल्यावर संध्याकाळचा आपोआप सुटला.

---

माझा मुलगा २.२ किलोचा झाला. बारशाला एक आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, चहा ढोसायची ना, भोगा आता. जास्त कॅफीन आणि बाळाचं कमी वजन यांचा संबंध अभ्यासांत दिसतो हे खरंय, पण माझं बीपी वाढून ३५व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली ते कोणाला आठवलं नाही. दोन कपांवर खापर फोडू नकोस असं डॉक्टरांनी सांगूनही रात्री दूध पाजताना मी जुने कप मोजत बसायचे. आता पहिलीत आहे, डबा अर्धा परत आणतो, बाकी ठणठणीत.

---

थँक्यू गं सगळ्यांना. आत्ताच घरातला रोजचा मग मापाच्या कपाने मोजला, पावणेदोन कप निघाला, आणि मी त्याला एक धरत होते! सासरे पेपराआडून म्हणाले, माझा नको मोजूस.