मदत हवी आहे : निरोधक संकेताने व्होल्टेज वर चढते, तरी चेतापेशी गप्प का होते?

विद्युतरेषा
मज्जारज्जूच्या कापांमधील प्रेरक (स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या) चेतापेशींवर माझे काम चालू आहे. निरोधक तंतू उद्दीपित केले की पेशीच्या पटलाचे (आवरणाचे) व्होल्टेज उणे 65 वरून उणे 60 मिलिव्होल्टपर्यंत चढते. तरीही त्याच क्षणी दिलेल्या उद्दीपक संकेताने एरवी हमखास उठणारा आवेग (पेशीचा विद्युत संदेश) उठत नाही. पाठ्यपुस्तकांत तर व्होल्टेज खाली जाते असेच लिहिलेले असते. मार्गदर्शकांपुढे आलेख लवकरच ठेवायचा आहे, कृपया कारण सांगावे.

नवचेता
प्राणी कोणता, किती वयाचा, आणि पिपेटमध्ये (नोंद घेण्याच्या बारीक काचनळीत) कोणते द्रावण आहे? यांवाचून उत्तर देणे कठीण आहे. चेताशास्त्रज्ञ जॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात मांजराच्या प्रेरक चेतापेशींत इलेक्ट्रोडमधून क्लोराइड शिरू दिले, तेव्हा निरोधक प्रतिसादाची दिशाच उलटली होती.

वैद्यकवाटा
हा संकेत ग्लायसिनचा की गाबाचा (दोन्ही निरोधक रासायनिक संदेशवाहक), हे आधी तपासा. स्ट्रिक्निन या विषाने ग्लायसिनचे ग्राही (तो संदेश टिपणारी, वाहिनी असलेली प्रथिने) बंद पडतात. धनुर्वाताचे विष याच निरोधक चेतापेशींमधून ग्लायसिन आणि गाबा बाहेर पडू देत नाही, म्हणून रुग्णाचे स्नायू ताठतात. लसीकरणाचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

विद्युतरेषा
धनुर्वाताविषयी मी विचारलेले नाही. स्ट्रिक्निनने प्रतिसाद नाहीसा होतो. उंदराची पिल्ले पाच दिवसांची आहेत.

अंकुर
मग कारण उघड आहे. एवढ्या लहान वयात क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी2 वाहक पुरेसा नसतो आणि आत घेणारा एनकेसीसी1 जोरात असतो. आत क्लोराइड साठलेले असते, त्यामुळे ग्राहीची वाहिनी उघडताच ते ऋणभारित क्लोराइड बाहेर पडते आणि व्होल्टेज चढते. थोडी मोठी पिल्ले घ्या.

नवचेता
अंकुर, पेशीचा आतला भाग पिपेटशी थेट जोडलेला असेल, तर आतले क्लोराइड मुख्यतः पिपेटमधील द्रावण ठरवते. तिथे वयाचा दाखला अपुरा पडतो. पेशीचे स्वतःचे क्लोराइड टिकवायचे असेल, तर ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाने पटलात छिद्रे पाडून नोंद घ्यावी, कारण त्यांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड जात नाही.

अंकुर
वाहक काम करत असेल, तर पटलाजवळचे, विशेषतः लांबच्या शाखांमधले, क्लोराइड पिपेटहून वेगळे राहू शकते. वय बाजूला टाकता येणार नाही.

विद्युतरेषा
नोंद थेट जोडलेल्या पिपेटनेच घेतली आहे. त्यात 14 मिलिमोलर क्लोराइड आहे आणि उरलेले ग्लुकोनेट (क्लोराइडच्या जागी वापरलेला ऋणभारित आयन), पेशीबाहेरच्या द्रावणात क्लोराइड 130. तापमान खोलीचे. पण मूळ प्रश्न तसाच आहे : व्होल्टेज चढूनही निरोध कसा होतो?

संथ प्रवाह
या आकड्यांवरून क्लोराइडचे समतोल व्होल्टेज (ज्याला क्लोराइडची निव्वळ ये-जा थांबते) सुमारे उणे 57 येते. आवेगाचा उंबरठा (ज्या व्होल्टेजला आवेग सुटतो) त्याहून वर असतो. म्हणून ग्लायसिनच्या वाहिन्या उघडल्या, की व्होल्टेज उणे 57 कडे ओढले जाते, पण त्यापलीकडे जाऊ दिले जात नाही. शिवाय त्या उघड्या असेपर्यंत पटलाचा विद्युतरोध घटलेला असतो, त्यामुळे उद्दीपक संकेताने आलेला तेवढाच प्रवाह व्होल्टेज पूर्वीइतके वर नेऊ शकत नाही. भोक पडलेल्या बादलीत तेवढेच पाणी ओतूनही पातळी चढत नाही, तसे हे आहे. निरोध ठरतो तो समतोल व्होल्टेज उंबरठ्याच्या खाली असण्याने आणि वाहकता वाढल्याने, चढणीच्या दिशेने नव्हे. पडताळणीसाठी निरोधक संकेतादरम्यान प्रवाहाची छोटी ऋण पायरी देऊन विद्युतरोध मोजा.

नवचेता
मान्य. मात्र ग्लुकोनेटच्या पिपेटमध्ये द्रव-संधीच्या विभवामुळे (दोन द्रावणे भेटतात तिथे निर्माण होणाऱ्या व्होल्टेजमुळे) दहाहून अधिक मिलिव्होल्टची तफावत येते. ती वजा केली आहे का? नसेल, तर उणे 65 हा आकडाच बदलेल.

विद्युतरेषा
वजा केलेली आहे. विद्युतरोध उद्याच मोजते.

संथ प्रवाह
दोन संकेतांमधील अंतरही बदलून पाहा. वाहिन्या मिटल्यावर वाहकता लगेच पूर्ववत होते, पण चढलेले व्होल्टेज पटलाच्या वेळ-स्थिरांकानुसार (व्होल्टेज ओसरण्याच्या ठराविक गतीनुसार) हळूहळू उतरते. त्या थोड्या काळात आलेला उद्दीपक संकेत उलट अधिक प्रभावी ठरू शकतो. एकाच पेशीत आधी निरोध आणि नंतर साहाय्य दिसले, तर मार्गदर्शकांपुढे तोच आलेख ठेवावा.